दाजीपूरच्या रानात आवाज चारी बाजूंनी येतात, पक्षी मात्र दिसत नाहीत. मुलीला घेऊन कधी जावं, कसं बघावं?

कळंबा_काठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत राहतो. रोज सकाळी कळंब्यावर नाहीतर रंकाळ्यावर फेरी असते. मुलगी सई सातवीत आहे, तीही सोबत येते आणि आता तिचीच गोडी माझ्यापेक्षा जास्त आहे. तिच्या वहीत हळदीकुंकू बदक, थापट्या, वारकरी, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी असे सगळे तारखेसह आहेत. तळ्यावर पक्षी समोर उघड्यावर असतो. दुर्बीण लावायची, चोच बघायची, पाय बघायचे, पुस्तक उघडायचं, की नाव सापडतं.

मार्चमध्ये आम्ही दोघं राधानगरीजवळच्या दाजीपूर अभयारण्यात जाऊन आलो. गवे दिसले, शेकरू दिसलं. पक्ष्यांचं मात्र वेगळंच. डोक्यावर कुठंतरी 'कुटुर्र कुटुर्र' अखंड चालू. मधेच कुणी खदाखदा हसावं तसा आवाज. एका ओढ्याजवळ लांबलचक शीळ ऐकू आली, इतकी सुरेल की सईनं मागं वळून माणूस आहे का बघितलं. आणि एका झाडावरून बराच वेळ खडखडाट येत होता. वर बघावं तर हलणारं पान आणि त्याच्यामागं आभाळाचा उजेड.

यंदा डिसेंबरच्या सुट्टीत पुन्हा जायचा विचार आहे. डिसेंबर बरा की फेब्रुवारी? एवढ्या दाट रानात पक्षी बघायची रीत काय? आणि सईचा खास प्रश्न असा की तळ्यावर पाहुणे कोण आणि इथलेच कोण हे आता तिला कळतं, जंगलात ते कसं ओळखायचं? बाहेरून आलेले पक्षी दाजीपुरात असतात तरी का, की ते फक्त पाण्यावरच उतरतात?

लेन्स_आणि_वाट

फेब्रुवारीत जा. पांगारा, सावर फुललेली असते, पक्षी फुलांवर उघडे सापडतात, फोटोला बेस्ट. डिसेंबरात धुकं असतं, आठपर्यंत उजेड मिळत नाही. मोबाईलवर मर्लिन अ‍ॅप टाका आणि भारताचा संच घरूनच डाऊनलोड करून न्या, रानात रेंजचा भरवसा नाही. आवाज रेकॉर्ड केला की नाव सांगतं, नेटशिवायही चालतं. लहान ब्लूटूथ स्पीकरही जवळ असू द्या. पक्ष्याचा आवाज लावला की तो खाली, समोरच्या फांदीवर येतो. लहान मुलीला दाखवायला सोपं जाईल.

वाडीवरच्या_बाई

कळंबा_काठ, सईच्या वहीला आधी माझा आशीर्वाद. मी राधानगरी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. निवृत्तीनंतरही इथंच राहिले, त्यामुळं जे सांगते ते याच रानाचं सांगते.

तुम्हाला काही दिसलं नाही म्हणता, पण तुमच्या प्रश्नातच तीन पक्षी लिहिलेले आहेत. अखंड 'कुटुर्र कुटुर्र' हा कुटुर्गा. आपल्या गावातल्या तांबटाचा भाऊबंद, पण मोठा, अंगानं हिरवा, डोकं तपकिरी आणि गालावर पांढरा पट्टा. पानांत बसला की पानच होतो. खदाखदा हसणारा तो मलबारी राखी धनेश. त्याच्या चोचीवर मोठ्या धनेशासारखं शिंग नसतं, म्हणून चित्रातला धनेश डोक्यात ठेवून शोधलं तर तो सापडत नाही. शीळवाला तो शीळकरी कस्तूर. आणि खडखडाट पक्ष्याचा नव्हे, शेकरूचा. वर गरुड फिरत असला किंवा खालून माणूस चालला की शेकरू असं ओरडतं. तो आवाज आला की मान वर करून आभाळ बघायचं. पुष्कळदा तुरेवाला सर्पगरुड गिरक्या घेत असतो.

हे तिन्ही पक्षी कायमचे इथले. राखी धनेश आणि हा कुटुर्गा तर सह्याद्री आणि दक्षिण भारतातले त्याच्या आसपासचे डोंगर सोडले तर जगात कुठं मिळत नाहीत. सईला हे जरूर सांगा. थापट्या बघायला माणूस रशियात जाऊ शकतो, पण हा धनेश बघायला त्याला आपल्याकडंच यावं लागतं.

आता तिच्या खास प्रश्नाकडं येते. बाहेरून आलेले पक्षी दाजीपुरात भरपूर असतात. फक्त ते थव्यानं पाण्यावर उतरत नाहीत, एकेकटे रानात शिरतात, आणि मुख्य म्हणजे गात नाहीत. पक्षी गातो तो जोडीदारासाठी आणि विणीच्या जागेसाठी. ज्यांची वीण हिमालयात नाहीतर त्याच्याही पलीकडं होते, त्यांना डिसेंबरात इथं गायचं कारण नसतं. ते नुसतं 'चिक्' किंवा 'चिस्ली' एवढंच बोलतात. म्हणून मी मुलांना एक ठोकताळा सांगायचे. थंडीत जो लांबलचक गातो तो बहुधा घरचा, आणि जो एका अक्षरावर थांबतो त्याच्याकडं जरा नीट बघायचं, तो दूरचा असू शकतो. ठोकताळाच आहे तो, घरचे पक्षीही तुटक बोलतात. पण सुरुवातीला कान लावायला तेवढा पुरतो.

या दूरच्यांपैकी चार नावं सईच्या वहीत आधीच लिहून ठेवा, डिसेंबरात ते भेटण्याजोगे आहेत.

पहिला करडा धोबी. ओढ्याच्या कडेला, दगडावरून दगडावर, शेपूट सतत वरखाली. पोट पिवळं. पाऊस संपायच्या आधीच, सप्टेंबरात, तो येऊन दाखल होतो. त्याचाच एक नातेवाईक आहे रानधोबी. तो पाण्याला सोडून सावलीतल्या पाचोळ्यावर चालतो आणि शेपूट वरखाली करण्याऐवजी डावीउजवीकडं हलवतो. बाकी सगळ्या धोब्यांत असं करणारा हा एकटाच. छातीवर दोन काळे पट्टे. तो दिसला तर सईला म्हणावं पानभर लिही, कारण तो पार पूर्व आशियातून आलेला असतो.

मग निळ्या टोपीचा कस्तूर. नर बघितला तर विसरणं नाही. डोकं निळं, पोट विटकरी, पंखावर पांढरा डाग. पण हा पक्षी कमालीचा स्थिर. मधल्या उंचीच्या आडव्या फांदीवर ताठ बसतो, हलत नाही, आवाज करत नाही. चालणाऱ्या माणसाला तो दिसतच नाही. थांबलेल्याला दिसतो, तोही खाली जमिनीवर झेप घेऊन किडा उचलतो आणि परत त्याच फांदीवर जातो तेव्हा.

आणि चौथा, माझा सगळ्यात आवडता, हिरवट वटवट्या. दिसायला काहीच नाही. वरून मळकट हिरवा, खालून फिकट, डोळ्यावर एक पांढुरकी भुवई, पंखावर पुसट रेघ. तुमच्या अंगठ्याएवढा. वजन साताठ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे साखर. तेवढा जीव मध्य आशियाच्या आणि हिमालयाच्या बाजूनं सप्टेंबरात येतो आणि एप्रिलमध्ये जातो. हिशेब करा, वर्षातले सातएक महिने तो आपल्याकडंच असतो. विणीच्या जागी त्याचे जेवढे दिवस जात असतील त्याहून जास्त आपल्या झाडांवर जातात. आणि कुठंही भटकत नाही. दक्षिण भारतात या पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालून अभ्यास झालाय, त्यात दिसलं की हा एवढासा पक्षी हिवाळ्यातही आपली ठरावीक झाडं राखतो, दुसरा वटवट्या आला तर हाकलतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडांवर येतो. आमच्या शाळेच्या अंगणातल्या जांभळावर दर थंडीत एक वटवट्या असायचा. तोच की दुसरा, मी सांगू शकत नाही. पण हा अभ्यास कळल्यापासून त्या जांभळाची फांदी तोडायला मी कुणाला दिली नाही.

रीत कुठली म्हणून विचारलंत, तर चालणं कमी करा. तळ्याभोवती फेरी मारावी तशी रानात फेरी मारू नये. पाऊण तास चाललात तर काहीच दिसत नाही, कारण रानातले छोटे पक्षी सगळीकडं सारखे पसरलेले नसतात. ते टोळीनं हिंडतात. अर्धा तास रान मुकं असतं आणि मग एकाच झाडावर पाच मिनिटांत पंधरा-वीस पक्षी येतात, सात-आठ जातींचे, एकत्र. ती टोळी तुमच्यावरून जायला हवी, तुम्ही तिच्यामागं धावून उपयोग नाही.

एक टोळी डोळ्यासमोर आणून देते. अंजनीच्या दाट रानाला वाट लागते तिथं कडेला बसलेलं असावं. आधी उंचावरून बारीक 'स्वी-स्वी' येतं, ते निखार. नर काळा आणि शेंदरी, मादी राखी आणि पिवळी, शेंड्याशेंड्यांवरून पुढं सरकत येतात. त्यांच्याबरोबर भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पिसांची पानं. मग मधल्या फांद्या जाग्या होतात. मखमली शिलींध्री खोडावरून डोकं खाली करून उतरते, निळी पाठ, लाल चोच. बारीक काटक्यांच्या टोकाला इवलासा सुतार दिसतो, पाठीवर काळे बदाम, तो हृदयांकित सुतार. नीलमणी हवेत उलटीसुलटी उडी घेऊन माशी धरतो. खाली कारवीत कुरबुर सुरू होते, ती सातभाईंच्या कुळातल्या चिमुकल्या राखी डोक्याच्या पक्ष्यांची, ते घोळक्यानं पानं उलटत जातात. आणि या सगळ्या घरच्या मंडळींत, मधेच, न गाता, 'चिस्ली' करत एक हिरवट वटवट्या. टोळी त्याच्या झाडांवरून जात असते तेवढा वेळ तो तिच्यात असतो. टोळी पुढं गेली की तो तिथंच राहतो.

असं एकत्र का हिंडतात? डोळे जास्त म्हणजे शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्यावर नजर जास्त. शिवाय एकानं हलवलेल्या पानातून उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो. भृंगराज त्यात पहारेकरी. धोका दिसला की तो आधी ओरडतो आणि त्याबदल्यात इतरांनी उठवलेले किडे हवेतल्या हवेत टिपतो. नकला करण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नाही. सर्पगरुडाची शीळ तो हुबेहूब काढतो. श्रीलंकेच्या जंगलात अभ्यासकांनी तपासलंय की दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढून तो त्यांना टोळीत ओढून घेतो. म्हणून मर्लिननं एकदम पाच नावं दाखवली तर आधी बघा, सगळे आवाज एकाच फांदीवरून येत नाहीत ना.

बसायचं कुठं? फळलेलं उंबर दिसलं तर दुसरीकडं जाऊच नका. उंबराला फळं ठरावीक महिन्यात नसतात, कुठलं ना कुठलं झाड वर्षभर लागलेलं असतं, म्हणून धनेश, कुटुर्गे, हारीत, बुलबुल सगळे त्याच्यावर जगतात. तसं झाड गावातल्या माणसाला माहीत असतं, वाटाड्याला पहिलं तेच विचारा. दुसरी जागा ओढ्याची वळणं. तिसरी रानाची आणि सड्याची सीमा, जिथं जांभा दगडाचं उघडं पठार संपतं आणि झाडी सुरू होते. सकाळचं पहिलं ऊन तिथं पडतं आणि रात्रीच्या थंडीनं आखडलेले पक्षी ऊन खायला शेंड्यावर येतात. डिसेंबरात धुकं असतं ते खरं आहे. पण धुकं फाटतं तो अर्धा तास सगळ्यात चांगला. सड्यावर तेव्हा भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत उडत फिरत असतो आणि खरुची, म्हणजे छोटा ससाणा, हवेत एकाच जागी पंख मारत उभी असते.

फेब्रुवारी-मार्चला दूरचेही असतात आणि पांगारा, सावर, पळस फुललेले असतात. शिंजीर, पर्णपक्षी, भोरड्या, पोपट फुलांवर तुटून पडतात. फोटो काढायला ते चांगलं. पण सईला कान तयार करायचे असतील तर डिसेंबर. गाणारे मोजकेच असतात, तिला एकेक वेगळा करता येईल. मार्चनंतर सगळे एकदम गायला लागतात.

राहिली स्पीकरची गोष्ट. लेन्स_आणि_वाट, तुम्ही भल्यासाठीच सुचवलंत हे मला कळतं. पण कृपा करून स्पीकर नको. आवाज ऐकून पक्षी खाली येतो तो तुम्हाला भेटायला येत नाही, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला म्हणून भांडायला येतो. चारा शोधायचा वेळ तो त्या न दिसणाऱ्या शत्रूमागं घालवतो. एखाद्या ठिकाणी वर्षात एकदा झालं तर सोसेलही. पण पक्षी बघायला येणाऱ्या माणसांच्या मोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत, दर रविवारी त्याच ओढ्यावर कुणीतरी तोच आवाज लावतो.

लेन्स_आणि_वाट

बाई, तुमचं म्हणणं वीणीच्या काळात पटतं. घरट्यापाशी मी कधीच लावत नाही आणि कुणी लावू नये. पण डिसेंबर-जानेवारीत घरटीच नसतात. तेव्हा दोन मिनिटं आवाज लावला तर काय नुकसान? समोर पक्षी बघितला तरच मुलांना आवड लागते, नुसत्या आवाजावर किती दिवस टिकणार?

वाडीवरच्या_बाई

डिसेंबरात घरटी नसतात हे सगळ्यांना लागू नाही. मोठ्या घुबडांची वीण थंडीतच असते. जानेवारी लागला की धनेशाची जोडी ढोली शोधायला लागते. पुढं मादी आत जाऊन ढोलीचं तोंड विष्ठेनं लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. तो नर अर्धा दिवस तुमच्या आवाजामागं फिरला तर आत दोन-तीन जीव उपाशी. कायद्याचंही सांगते, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं हे शिकारीतच धरलेलं आहे.

आणि ज्यांची वीण नसते त्यांचं? वर वटवट्याचं सांगितलं ते परत बघा. हद्द तो हिवाळ्यातही राखतो. साताठ ग्रॅमच्या जीवाला दिवसभर किडे टिपून रात्रीची थंडी काढायची असते आणि एप्रिलच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. आपली दोन मिनिटं, पण त्याची नंतरची बराच वेळची शोधाशोध.

आवडीचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. आमच्या वाडीवरच्या पोरांकडं ना दुर्बीण होती ना पुस्तक. 'पेर्ते व्हा' ऐकलं की पावशा, एवढ्यावर सुरुवात. चौथीतली पोरं पुढं वर्गात बसून खिडकीबाहेरचे बारा-पंधरा पक्षी न बघता सांगायची. आवाजावर आवड टिकते, ती टिकवायला शेजारी एक मोठं माणूस गप्प बसलेलं लागतं.

राधानगरीकर

बाईंनी पक्ष्यांचं सगळं सांगितलंय. मी फक्त जाण्यायेण्याचं सांगतो, मी इथलाच.

कोल्हापुरातून दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर. परिते, राधानगरी करत फोंडा घाटाच्या रस्त्यानं यायचं. पहाटे निघून सकाळी पोचू म्हणाल तर पक्ष्यांची वेळ निघून गेलेली असते. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा तुम्ही रानाच्या तोंडाशी असायला हवं. म्हणून आदल्या दिवशी राधानगरीत मुक्काम करा. संध्याकाळी लक्ष्मी तलावाच्या काठानं फिरा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं हे पाणी. सईला कळंब्यावरची ओळखीची मंडळी इथंही भेटतील आणि मागं डोंगर असल्यानं धनेश पाण्यावरून पलीकडं जातानाही दिसतात.

अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. उघडल्यावरही आत जायची परवानगी, गाडी, शुल्क यांचे नियम बदलत असतात, निघायच्या आधी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. वाटाड्या गावातलाच घ्या. १९५८ साली हे गव्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं, आपल्या राज्यातलं पहिलं. त्यामुळं लोकांच्या डोक्यात अजून गवाच असतो आणि गाडीवाले गवा दिसेल तिकडं पळवतात. आधीच सांगून ठेवा की आम्हाला पक्षी बघायचेत, गाडी उभी करून इंजिन बंद ठेवायचं. गवा समोर आला तर मात्र उतरायचं नाही, एकटा नर असेल तर विशेष सांभाळून.

कपडे मातकट किंवा हिरवे, पांढरा शर्ट नको. पूर्ण बाह्या, पूर्ण विजार, मोज्यात खोचलेली. पाचोळ्यावर थेट बसू नका, सतरंजी न्या. गोचिडी असतात, आणि खाली सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात २०१६पासून माकडताप निघालाय तो गोचिडीनंच पसरतो. घरी आलात की अंग नीट बघून आंघोळ करा. घाबरायचं कारण नाही, फक्त सवय ठेवायची.

कळंबा_काठ

बाई, राधानगरीकर, लेन्स_आणि_वाट, तिघांचेही मनापासून आभार. सईला सगळं वाचून दाखवलं. खडखडाट शेकरूचा होता हे कळल्यावर तिनं मार्चच्या पानावर तशी नोंद करून टाकली. डिसेंबरचं नक्की झालं, मुक्काम राधानगरीत. स्पीकर नेणार नाही, हे सईनंच ठरवलंय.

तिचे दोन प्रश्न आहेत. नवरंग तिच्या फार मनात आहे, तो डिसेंबरात दिसेल का? आणि साताठ ग्रॅमच्या वटवट्याला एवढ्या लांबची वाट कोण दाखवतं, आईवडील का?

वाडीवरच्या_बाई

सई, नवरंग डिसेंबरात आपल्याकडं नसतो. त्याची येण्याजाण्याची तऱ्हा वटवट्याच्या उलट. थंडीत तो दक्षिणेकडं, केरळ-तमिळनाडू-श्रीलंकेच्या बाजूला असतो आणि मे-जूनमध्ये पावसाच्या तोंडावर वर येतो, इकडं वीण घालतो. चातकाचंही येणं पावसाबरोबरच, आणि घाटाखाली कोकणात तिबोटी खंड्याचंही. म्हणजे रानाचे पाहुणे दोन पाळ्यांत येतात, एक थंडीची आणि एक पावसाची. पावसाची पाळी आली की अभयारण्याचं दार बंद असतं, ते बरंच आहे. पण नवरंग तुला कोल्हापुरातच भेटू शकतो. मे महिन्यात प्रवासात दमलेले नवरंग गावातल्या बागेत, परसात उतरतात, कधी काचेवर आपटून पडतात. असा सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून, अंधारात, शांत जागी ठेवायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. दोन-तीन तासांत सावरला तर झाडीजवळ खोकं उघडायचं. नाही सावरला तर वन विभागाला फोन.

वाट कोण दाखवतं? पुष्कळ छोट्या पक्ष्यांत आईवडील नाहीत. त्याच उन्हाळ्यात जन्मलेलं पिल्लू पहिल्यांदा एकटंच निघतं, रात्री उडतं. कुठल्या दिशेला आणि साधारण किती दिवस उडायचं हे त्याच्यात जन्मतःच असतं. दिशा धरायला त्याला तारे उपयोगी पडतात, पृथ्वीचं चुंबकत्वही कळतं. एकदा इथं येऊन गेलं की पुढच्या वर्षी जागा त्याची त्यालाच सापडते.

आता एक काम देते, ते दाजीपूरला जायच्या आधीच सुरू कर. हिरवट वटवट्या फक्त रानात नसतो, कोल्हापूर शहरातही असतो. रंकाळ्याच्या वाटेवरचं, शाळेजवळचं, कुठलंही एक मोठं झाड निवड, चिंच, आंबा, वड, काहीही. रोज जाता-येता दोन मिनिटं त्याच्याखाली उभी राहा आणि 'चिस्ली' ऐक. वहीत तारीख, वेळ, झाड, झाडाच्या कुठल्या भागात, काय करत होता एवढं लिही. दिसला नाही त्या दिवशीही लिही. मार्चअखेरीस तो थोडा गायला लागेल, ती तारीख वेगळ्या शाईनं. एप्रिलमध्ये शेवटचा कधी ऐकलास आणि सप्टेंबरात पहिला कधी, या दोन तारखा मला इथं कळव. माझ्याकडं वाडीवरच्या जांभळाच्या तारखा आहेत, त्या मी शेजारी टाकते. तुझ्याकडचा आधी जातो की आमचा, ते बघू.